ओळखीचा फोन जवळ आला आहे

मास्तरीणबाईंनी जन्मात कधी कुणाला शिकवलं नाही. त्या चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासतात, फ्रेमच्या मापाला आणतात, आणि चष्मा वाकडा बसला तर गिऱ्हाइकाच्या नाकाला दोष देतात. मास्तर होते ते त्यांचे यजमान, टायपिंगच्या क्लासचे. टायपिंगचे दिवस गेले, क्लास बुडाला, तशी मास्तरांनी नवी हौस धरली. जगभरातले लोक मिळून, आपापल्या मोकळ्या वेळात, फुकट संगणकाची एक ऑपरेटिंग सिस्टिम बांधतात. तिला मालक नाही. कुणीही उघडून बघावी, बिघडलेलं नीट करावं. तिच्यातलं सगळं बोलणं मराठीत आणायचं काम मास्तरांनी अंगावर घेतलं. लष्कराच्या भाकऱ्या, असं बाई म्हणायच्या, आणि त्या भाजणाऱ्याला चहा नेऊन द्यायच्या.

मास्तर गेले, पण त्यांचं बोलणं काही गेलं नाही. फुकटची म्हणून ती सिस्टिम कुठेकुठे बसवलेली. दवाखान्यात नंबर घ्यायला जावं तर पडद्यावर ‘थांबा जरा, बघतो.’ वाचनालयात पुस्तक शोधावं तर ‘असलं काही सापडलं नाही बुवा.’ दुसऱ्या कुणाला त्यात काही वाटायचं नाही. बाई मात्र आपलं काम विसरून पडद्याकडे बघत राहायच्या, कारण घरात कात्री हरवली तरी मास्तर अगदी असंच म्हणायचे.

ही सिस्टिम बांधणाऱ्या मंडळींचा एक नियम आहे. एखाद्या भागाचा सांभाळ करणारा बरेच दिवस उत्तर देईनासा झाला, की त्या भागापुढे ‘बेवारस’ असा शेरा पडतो. मास्तरांच्या मराठीपुढे तो पडला तेव्हा बाईंचं डोकंच फिरलं. “बेवारस कसं? मी काय मेलेय का?” त्या रिकाम्या खोलीत म्हणाल्या, आणि हट्टाने ते काम शिकून घेतलं. नवीन येईल तेवढं त्या मराठीत आणायच्या. मास्तरांच्या जुन्या शब्दाला त्यांनी कधी हात लावला नाही.

यंदाच्या आवृत्तीत बऱ्याच नव्या सोयी आल्या. संध्याकाळ झाली की पडदा आपोआप मंद होतो, जुने प्रिंटर कुरकुर न करता चालतात. आणि एक सोय कित्येक वर्षं अर्धवट म्हणून बंद ठेवलेली होती, ती आता सुरू झाली. एकदा ओळख करून दिलेला फोन संगणकाजवळ आला, की पडदा जागा होतो आणि तसं सांगतो. आठवडा उलटायच्या आत मराठी वापरणाऱ्यांच्या तक्रारी बाईंकडे आल्या.

पहिली एका रंगाच्या दुकानदाराची. ‘मी फोन घेऊन गल्ल्यावर बसलो की संगणक म्हणतो, मी आलोय गं, दार उघड. आमची ही विचारते, ही “गं” कोण? लवकर दुरुस्त करा, नाहीतर घरी मला कुणी दार उघडायचं नाही.’

बाई जेवणाच्या सुट्टीत हे वाचत होत्या. आधी हसू आलं, ते अर्ध्यातच थांबलं. हातातला डबा खाली ठेवावा लागला. ते वाक्य त्यांच्या घरचं होतं. मास्तर किल्ली घेऊन कधी बाहेर पडले असतील तर शपथ. जिन्यातूनच हाक यायची, “मी आलोय गं, दार उघड.”

कसं झालं असेल ते त्यांना लगेच कळलं. चौकटीत मराठी ओळ मावते की नाही हे बघायला आधी तोंडाला येईल ते वाक्य घालतात, मग ते पुसून खरं लिहितात. मास्तर घरातलंच काहीतरी घालायचे. ही ओळ पुसायची राहिली आणि त्याच सुमारास ते दवाखान्यात भरती झाले. सोयच बंद, म्हणून वाक्य इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही. आता ते लोकांची दारं ठोठावत सुटलं होतं.

बाईंनी दुरुस्ती केली नाही. ‘बघते’ एवढंच उत्तर दिलं. घरी येऊन मास्तरांचा फोन कपाटातून काढला, चार्ज केला, संगणकावर नवी आवृत्ती घातली, तिला फोनची ओळख करून दिली, आणि तो हातात घेऊन स्वयंपाकघरातून चालत आल्या. पडदा उजळला. मी आलोय गं, दार उघड. बाई ती ओळ वाचत बसल्या. मग उठल्या, फोन पुन्हा आत नेला आणि पुन्हा बाहेर आणला.

हे रोजचंच होऊन बसलं. चपला काढायच्या आधी फोन संगणकापुढून फिरवायचा. जेवण उभ्या उभ्या, जमलं तर. हे यंत्र आहे, आपण वेड्यासारखं वागतोय, हे त्यांना ठाऊक होतं, पण ठाऊक असून काय उपयोग? एकदा बहिणीने फोनवर विचारलं, “आवाज असा का गं तुझा? कुणी आलंय का?” “नाही गं, कुणी नाही,” बाई म्हणाल्या, आणि आपण खोटं बोललो असं त्यांना वाटलं.

मग एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची तक्रार आली. ‘माझा मुलगा भांडून घरातून निघून गेला, त्याला बरेच दिवस झाले. संगणक त्यानेच बसवून माझा फोन त्याला जोडून दिला होता. आता मी फोन घेऊन कामाला बसले की पडद्यावर येतं, मी आलोय गं, दार उघड. तो मला असंच म्हणायचा. यंत्र बोलतंय हे मला कळतं, मी खुळी नाही. पण मी उठते. दर वेळी उठून दार उघडून बघते. माझे गुडघे आता ऐकत नाहीत. तुम्हाला जमलं तर हे बंद करा. घाई नाही.’

‘घाई नाही’ वाचून बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण इथे फोन नाचवत बसलोय, आणि तिकडे ती माउली गुडघे धरून उठतेय.

पण दुरुस्ती पाठवायचीही एक रीत होती, आणि ती मास्तरांनीच घालून दिलेली. आधी आपल्या घरच्या मशीनवर घालून बघायचं, चाललं तर मगच लोकांना द्यायचं. म्हणजे वाक्य पहिलं जाणार ते बाईंच्याच घरातून. लोकांचं नीट करावं आणि आपलं तसंच ठेवावं, असं मनात आलं नाही असं नाही. “तुमचेच नियम,” त्या हातातल्या फोनला म्हणाल्या, “आणि निस्तरायचे मी.”

रविवारी दुपारी त्यांनी फोन शेवटचा आणला. पडदा उजळला. इतके दिवस त्या नुसतं वाचत बसायच्या. आज उठल्या, कडी काढली आणि दार सताड उघडलं. जिना रिकामा होता. खाली कुणीतरी सायकल लावत होतं. बाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि पूर्वी रोज म्हणायच्या तेच म्हणाल्या, “किल्ली न्यायला हात मोडतात का तुमचे?” मग अंग चोरून बाजूला झाल्या, दोन्ही हातांत पिशव्या असलेल्या माणसाला वाट द्यावी तशा. थोडं थांबल्या. दार लावून घेतलं.

वाक्य पुसलं. त्या जागी लिहिलं, ‘ओळखीचा फोन जवळ आला आहे.’ मशीनवर घातलं, फोन आणला, पडद्याने तसंच सांगितलं. ओळ चौकटीत नीट मावली. आता पाठवायचं राहिलं होतं. पाठवताना बदलाचं कारण थोडक्यात लिहावं लागतं. ते कायमचं राहतं आणि जगात कुणालाही वाचता येतं. बाईंनी त्या रिकाम्या जागेपुढे पदराने डोळे पुसले. मग लिहिलं:

‘आमच्या घरचं वाक्य चुकून बाहेर गेलं होतं. परत घेतलं आहे.’