रोज मुंबईला जाणारा डेस्कटॉप

रत्नागिरीत राहून कॉम्प्युटरची नोकरी मिळणं त्या काळी म्हणजे फार झालं. नवरा इथल्याच शाळेत मास्तर, घर मांडवीला. आंब्याचा रस डबाबंद करून विकणाऱ्या एका कंपनीच्या इथल्या ऑफिसात मी सर्व्हर सांभाळायला लागले आणि मला वाटलं, आता जन्माची सोय झाली. दोन हजार तीन-चारचा सुमार असेल.

आमच्या टेबलांवर खरा कॉम्प्युटर नव्हताच. पडदा, कीबोर्ड आणि एक लहानशी डबी. सगळ्यांचे डेस्कटॉप मागच्या खोलीतल्या एकाच मोठ्या मशीनवर चालायचे. प्रत्येकाचा त्यावरचा संसार, म्हणजे फायली, चित्रं, सेटिंगं, याला प्रोफाइल म्हणतात. ही प्रोफाइलं साठवायची कुठे, हे मुंबईच्या साहेबांनी मुंबईत बसून ठरवलं होतं, आणि साठवायची जागाही अर्थातच मुंबईतलीच ठरवली होती. सकाळी माणसाने लॉगिन केलं की त्याचा संसार तिकडून यायचा, संध्याकाळी परत जायचा. मधली लाइन इतकी अरुंद की पासवर्ड टाकून लोक चहा पिऊन आले तरी पडदा निळाच.

शेवटी साहेबांनी तंबी दिली : आंब्याच्या हंगामाआधी हा खोळंबा थांबवा, नाहीतर ऑफिस बंद करू. प्रोफाइलं ठेवायला इथेच एक मशीन द्या, असं मी परोपरीने सांगितलं. नवा खर्च मिळणार नाही, म्हणाले. मग एकच उपाय उरला, प्रोफाइलं हलकी करायची. फायली मुंबईच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवायच्या. लागेल ती उघडायची, बाकीच्यांना रोजची ये-जा नको.

पण आमच्या माणसांच्या फायली डेस्कटॉपवरून हलायला तयार नव्हत्या. सगळ्यात गच्च डेस्कटॉप हिशेब बघणाऱ्या काकूंचा. मागचं चित्रसुद्धा दिसायचं नाही.

"मुंबईस धाडलेलं कधी परत येतं का गो?" त्या म्हणाल्या. "आमचा मुलगा बघ. गणपतीला येतो, तो विसर्जनाआधीच पळतो. हे असूदे हितंच, डोळ्यासमोर."

"काकू, डेस्कटॉपवरचं इथे राहतच नाही. रोज संध्याकाळी मुंबईला जातं."

"आणि सकाळी येतं?"

"रोज."

काकूंनी पडद्यावरच्या फायलींवरून बोट फिरवलं. "बरंय मग त्यांचं. तशीही रात्र तिकडंच काढतात, तर राहूदेत तिकडंच," म्हणाल्या, आणि दुपारी त्यांनी स्वतः सगळ्या फायली हलवल्या. काकूंनी हलवल्या म्हटल्यावर बाकीच्यांचाही विरोध मावळला. त्या आठवड्यात पडदे चटकन उघडायला लागले. मी पेढे वाटले. काकूंनी पेढा घेतला आणि म्हणाल्या, "उघडतो खरा, पण ओकाबोका वाटतो गो."

हंगाम बिनबोभाट पार पडला. पावसाळ्यात साहेब आले, सुरमई जेवले, माझ्या योजनेचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. मग म्हणाले, आता सगळ्या फायली मुंबईत आहेतच, काम तिकडूनही उत्तम होईल, तेव्हा हे ऑफिस चालवायचं कारण उरलं नाही. ज्यांना जमेल त्यांनी मुंबईला यावं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. त्या कौतुकाचा मला अजून राग येतो.

जमणार कुणाला? कुणाची बाग, कुणाची अंथरुणाला खिळलेली आई, माझा नवरा. गेल्या फक्त काकू. मागे कुणी नव्हतं, निवृत्तीला थोडी वर्षं होती, आणि मुलगा ये म्हणाला.

प्रोफाइलं पुसायचं काम माझ्याकडे आलं. शेवटच्या दिवशी त्या मोठ्या मशीनवर मी एकटीच उरले होते. पासवर्ड टाकला, आणि बोट उचलायच्या आत पडदा उघडला. एवढ्याचसाठी मी वर्षभर जिवाचं रान केलं होतं. तिथेच बसून मी रडले. तसली नोकरी रत्नागिरीत मला पुन्हा मिळाली नाही. एका क्लासमध्ये पोरांना टायपिंग शिकवत राहिले.

काकू पहिल्या वर्षी गणपतीला आल्या. मी भेटायला गेले तर बॅग भरत होत्या. रजा नाही, म्हणाल्या, विसर्जनाआधीच निघायला हवं. पुढच्या वर्षी त्यांच्या घराला कुलूपच होतं.