‘परत या’ म्हणायचं नाही

मी तोंडाने फटकळ आहे, हे आमच्या साखरा गावात शेंबडं पोरगंही सांगेल. म्हणूनच नोकरीच्या प्रशिक्षणात गोड बोलायला शिकवलं, तेव्हा मी ते फारच मनावर घेतलं. पेशंट घरी निघाला की दारापर्यंत जायचं, हसायचं आणि म्हणायचं, "सहा महिन्यांनी परत या बरं का." शहरातून आलेल्या बाईंनी हे वाक्य आमच्याकडून घोटून घेतलं होतं.

नोकरी हिंगोलीच्या दवाखान्यातल्या केंद्रात. हाडांच्या आत जो मगज असतो, त्याच्या आजारांची माहिती गोळा करायची. रक्त तयार होतं ते तिथंच. मगज बिघडला की माणूस पांढराफटक पडतो, हिरड्यांतून रक्त येतं, साधा ताप उतरत नाही. असे पेशंट एका जिल्ह्यात मोजकेच. कुणाला कोणतं औषध लागू पडतं हे एकट्या डॉक्टरला कळायला जन्म जायचा. म्हणून बऱ्याच जिल्ह्यांनी आपापल्या पेशंटांची माहिती, नावं काढून, एका जागी जमा करायची आणि कुठल्याही संशोधकाला ती वापरू द्यायची, असं ठरलं होतं. त्यासाठी अनुदान होतं. माझा पगार त्यातूनच निघायचा आणि पेशंटांच्या तपासण्याही त्यातूनच फुकट व्हायच्या.

आता अनुदानाची गंमत सांगते. मशीन घ्यायचं म्हटलं की पैसे देणारे धावत येतात, कारण मशीनशेजारी उभं राहून फोटो काढता येतो. जमलेली माहिती वर्षानुवर्षं सांभाळायला पैसे मागा, सगळे छताकडे बघायला लागतात. त्यात आमच्या हिंगोलीच्या फेरतपासणीचे रकाने रिकामे. पेशंट बरा होऊन गेला की पुन्हा तोंड दाखवायचा नाही. मग औषधाचा गुण टिकला की नाही, कळणार कसं? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. शेवटी शहरातून आमच्या मोठ्या मॅडमचा फोन आला. "अनुदान समितीचे साहेब पाहणीला येणार आहेत. रकाने असेच राहिले, तर हिंगोलीचं केंद्र बंद होईल."

मला असा संताप आला म्हणून सांगू. एवढं गोड बोलून लोक येत नाहीत म्हणजे काय! मी तडक कळमनुरीकडच्या एका तांड्यावर गेले. तिथली बारावीतली एक पोरगी आमच्या औषधाने उठून घरी गेली होती, ती पुन्हा फिरकलीच नव्हती. तिची आई दारात सोयाबीन पाखडत बसली होती. मला बघून तिने सूप खाली ठेवलं.

"मावशी, पोरीला तपासायला काहून आणत न्हाई तुमी?" मी म्हणाले.

"तुमीच तर शाप दिला. लेकरू मरणाच्या दारातून उठून घरी निघालं, अन् तुमी हसून म्हणता परत या. दवाखान्यातून निघताना असं म्हणतेत का?"

मी कपाळावर हात मारला. अहो, मी काय विलायतेहून आले होते? घरातून निघताना ‘येते’ म्हणायचं, पण दवाखान्यातून निघताना ‘येते’ तर नाहीच, मागे वळूनसुद्धा बघायचं नाही. मामाला दवाखान्यातून घरी नेताना मी तोंड उघडू नये म्हणून आईने माझा हात घट्ट दाबून धरला होता. आणि मी जिल्हाभरच्या पेशंटांना हसून हसून अपशकुन करत होते! मला इतकं हसू फुटलं की मावशीही हसायला लागल्या.

हसणं थांबल्यावर त्यांनी खरी काळजी काढली. "पोरीची माहिती कोणाकोणाला दावता? उद्या सोयरीक जमवायची हाय मला."

"भंडाऱ्याला घरोघरचं पीठ जमा होतं. परातीत पडल्यावर कोणाचं कोणतं, वळखू येतं का?"

"न्हाई."

"हे बी तसंच."

मावशींनी सूप उचललं. "मग पीठ देऊ की. पण दवाखान्याची पायरी न्हाई चढणार. बाजाराच्या दिवशी आमी वारंगा फाट्यावर येतोच. तिथं घ्या काय घ्यायचं ते रक्त."

वारंगा फाट्याची खिचडी नावाजलेली; तिथे उतरलेला माणूस हॉटेलात ती खाल्ल्याशिवाय पुढे जात नाही. मी मॅडमना फोन लावला.

"खिचडीच्या हॉटेलात रक्त घेणार?"

"हॉटेलात नाही मॅडम, मागच्या खोलीत."

मॅडम हसल्या आणि त्यांनी अटी घातल्या: खोली धुऊन चुना मारायचा, रक्त दवाखान्यातल्या माणसानेच घ्यायचं, नमुने बर्फाच्या पेटीतून न्यायचे. हॉटेलवाल्याने मला एकच विचारलं, "रक्त उपाशीपोटी घेता का जेवल्यावर?" जेवल्यावर चालतं म्हटल्यावर त्याने खोली फुकट दिली.

हळूहळू लोक यायला लागले. कुणी मेथीची जुडी घेऊन, कुणी बैलाची वेसण खांद्यावर टाकून. रकाने भरत गेले. साहेब पाहणीला आले तो दिवसही बाजाराचाच होता. त्यांनी खोली बघितली, रांग बघितली, दोन बश्या खिचडी खाल्ली आणि मिरची झोंबली म्हणून रुमालाने नाक पुसत बसले. मी विचारलं, "केंद्र राहील ना साहेब?" ते म्हणाले, "बघू." पुन्हा विचारलं, पुन्हा बघू. माझ्या जिभेवर काय काय आलं होतं ते इथे लिहीत नाही.

तेवढ्यात तांड्यावरची ती पोरगी रक्त देऊन बाहेर आली. गालावर चांगला रंग चढला होता. जाताजाता सहज म्हणाली, "येते ताई."

झालं! आता मावशी पोरीला फाडून खाणार. पण त्यांनी कांद्याची पिशवी खाली ठेवली आणि साहेबांकडे न बघता मला म्हणाल्या, "ती येते म्हणली हाय. आता तुमी जागेवर असा, म्हंजे झालं."

मी साहेबांकडे बघितलं.

साहेबांनी रुमाल खिशात घातला.

"असतील," ते म्हणाले.