दोन जावांची भाषा

माझ्या मुलासाठी टाळ्या पडत होत्या तेव्हा मी केक कापायची सुरी हातात धरून उभी होते. सासूबाईंना ऐंशी वर्षं पूर्ण झाली म्हणून मनीषनगरातला हॉल घेतला होता. पडद्यावर त्याने मोठ्या अक्षरांत झळकवलं होतं, 'आई आणि काकूची गुप्त भाषा'. खाली दोन रकाने होते, डावीकडे आमचे शब्द आणि उजवीकडे त्यांचे अर्थ. एकेक शब्द उघडत होता आणि सगळं गणगोत खिदळत होतं. माझी जाऊ तिसऱ्या रांगेत बसली होती, शेजारी तिचा नवरा. तो हसत नव्हता, वाचत होता.

आजवर मी या माणसाला भाऊजी म्हणत आले, अहो-जाहो करत आले. इथे 'तो' म्हणणार आहे. ज्याला खटकेल त्याने पुढे वाचू नये.

मी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होते. दिवसभर कानाला आवाज. बोलणारा भंडाऱ्याचा की अकोल्याचा, हे मला दुसऱ्या वाक्यात कळायचं. त्यातून शब्द कानात घोळवत बसायची खोड लागली. कोण कुठलं अक्षर गिळतं, कोण कुठे हेल काढतं, ते मी वहीत लिहून ठेवायची. घरात या वहीला 'हिचं खूळ' म्हणत. म्हणोत.

माझ्या लग्नानंतर चार वर्षांनी जाऊ घरात आली. स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खाट यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता. दोन सुना काय बोलतात ते सगळं पलीकडे ऐकू जायचं आणि संध्याकाळी आमच्या नवऱ्यांपर्यंत पोचायचं. आम्ही लहानपणची च ची भाषा काढली, तर सासूबाई पडद्याआडून आमच्याहून जलद च च करत उत्तर देऊ लागल्या. मग आम्ही शब्द उलटे करायला लागलो. नवरा उलटा केला की रावन होतो हे सापडलं त्या दिवशी हसता हसता पोळ्या करपल्या.

पण रोज वापरलेला शब्द पायरीसारखा झिजतो. रावनमधला व आधी सैल झाला, मग गळाला, आणि तिसऱ्या वर्षी नुसता रोन उरला. हे आम्ही ठरवून केलं नव्हतं. आमच्याच तोंडात ते होत होतं, आणि मी ते तारखेसकट वहीत उतरवत होते. जवळ हा शब्द उलटा होईना, कारण ळ ने सुरुवात करायला जीभच वळत नव्हती. जाऊ वऱ्हाडातली, तिच्याकडे डोळ्याला डोया म्हणतात आणि केळीला केयी. तिने जवय म्हटलं, ते उलटून यवज झालं आणि झिजून योज. योज म्हणजे कोणीतरी जवळ आहे, आता जपून. असे चारेकशे शब्द झाले. मला त्यांचा केवढा गर्व होता!

पुढे घर विकलं गेलं. माझे यजमान गेले, सासूबाई माझ्याकडे राहिल्या आणि जाऊ-दीर शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे पडदा उरला नाही आणि सासूही उरली नाही. उरला तो एकटा. बायकोने फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायचं, हा त्याचा नियम. आणि दुसरी गोष्ट सरळच सांगते: तो तिच्यावर हात उचलतो.

मी रोज चार वाजता फोन करायची. ती म्हणायची, "बाई, योज," की मी लोणच्याच्या फोडींवर बोलायला लागायची. एखाद्या दिवशी बोलता बोलता ती नुसतं 'ता' म्हणायची. हात उलटून तहा, झिजून ता. ते ऐकलं की मी डब्यात काहीबाही भरायची आणि ऑटो करून तासाभरात तिच्या दारात उभी राहायची. मी दिसले की त्याचा आवाज खाली यायचा. सासूबाईंना बरं नाही असं सांगून तिला आठ दिवस माझ्याकडे आणायची. चार वेळा मी अशी गेले आहे. पोलिसात जाऊया म्हटलं की ती नको म्हणायची, आणि मीही, लिहायला लाज वाटते, फार जोर धरला नाही. आमच्या घरात ही गोष्ट साध्या मराठीत कोणी कधी उच्चारलीच नव्हती.

आता मुलाचं सांगते. तो मिहानमधल्या एका कंपनीत आहे. फावल्या वेळात भाषा बनवतो. नसलेल्या देशांच्या, नसलेल्या माणसांच्या. त्याच्यासारखे आणखी काही जण आहेत, ते एकमेकांना व्याकरणं पाठवतात. एका रविवारी माझा फोन चालू असताना तो शेजारी बसून ऐकत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "आई, रोन म्हणजे नवरा ना? मग मधला व कुठं गेला?"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता! ज्या वहीला सगळे खूळ म्हणाले, ती मी कपाटातून काढून त्याच्यापुढे ठेवली. संध्याकाळपर्यंत आम्ही बोलत होतो. तो पानांचे फोटो काढू लागला, तर मी खिडकीचा पडदा सरकवून त्याला उजेड करून दिला. त्याला सगळं सांगितलं, फक्त ही भाषा आता कशासाठी लागते तेवढं सोडून.

हॉलवरून घरी आल्यावर मी त्याच्यावर तुटून पडले. तो म्हणाला, "अगं, लोकांना किती आवडलं! सरप्राईज होतं तुम्हा दोघींसाठी."

"आग लागो तुझ्या सरप्राईजला! एका शब्दानं विचारलं का तू मले?"

"पण यात लपवण्यासारखं काय आहे?"

तेव्हा मी सांगितलं. तो खुर्चीत बसला आणि कितीतरी वेळ बुटाची नाडीच सोडत राहिला. मला माहीत नव्हतं, म्हणाला. खरंच होतं ते. पण बाईच्या तोंडची गोष्ट उचलून दीडशे माणसांपुढे मांडताना तिला विचारावं, एवढं कळायला काय माहीत असावं लागतं? माझी चूक मी नाकारत नाही. कोणीतरी कौतुकाने कान दिला म्हणून मी दुसऱ्या बाईची ढाल दाखवायला काढून दिली. मुलाचा राग आला, त्याच्या दुप्पट स्वतःचा आला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता फोन केला. सासूबाई समोर खाटेवर होत्या, मुलगा सुट्टी काढून घरीच होता.

"मी ठीक आहे बाई. तुम्ही कशा आहात? इकडे सर्व व्यवस्थित आहे," जाऊ म्हणाली. ही माझी जाऊ नव्हतीच. ती मला कधी तुम्ही म्हणत नाही आणि व्यवस्थित हा शब्द तिच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता. बातम्या वाचल्यासारखं एकेक अक्षर स्वच्छ येत होतं.

"काय करून राहिली वं?"

"स्वयंपाक करत आहे."

मागून त्याचा आवाज आला, अगदी हसरा. "बोला नं वहिनी तुमच्या भाषेत. काहून थांबल्या? आता मलेही समजते."

माझ्या अंगाची लाही झाली. तिला काही सांगायचं असतं तर ती कशात सांगणार होती? माझ्याजवळ चारशे शब्द होते आणि त्यातला एकही आता कामाचा नव्हता. कॅल्शियमच्या गोळ्या विचारू? लोणचं विचारू? मुलगा माझ्याकडे बघत होता. सासूबाई बघत होत्या. मी फोन तोंडाजवळ धरला आणि खणखणीत आवाजात, त्याला नीट ऐकू जाईल असं विचारलं, "त्यानं हात उचलला का वं तुयावर?"

त्यानं. भाऊजींनी नाही. पलीकडे काही पडल्याचा आवाज झाला. सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. मला वाटलं, फोन कापला.

"हो बाई," जाऊ म्हणाली. तिचा आवाज पुन्हा तिचा झाला होता. "काल बी उचलला अन् आज बी. मले घेऊन जाय."

मी मुलाकडे वळले. गाडीची चावी घेऊन तो दारात उभा होता. या वेळी मी डबा भरला नाही.