कोळशावरची मोटार आणि ठकूबाईंचा कान

परवा कात्रजच्या घाटात जे पाहिलं, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही... म्हणून लिहायला बसलो.

भोर ते पुणे माझ्या तीन सर्व्हिस मोटारी आहेत, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. लढाई सुरू झाली, पेट्रोलवर रेशन आलं, आणि कुपनांवर जेमतेम एक गाडी चालायला लागली. मग मी एका गाडीला मागे कोळशाची टाकी बसवून घेतली. आत कोळसा धुमसतो आणि त्याच्या गॅसवर इंजिन चालतं. कोळसा आपल्याच डोंगरातला, पेट्रोलपुढे अगदीच स्वस्त... मी स्वतःवरच खूश होतो.

पण चढ दिसला की गाडीला धाप लागायची. गेल्या आठवड्यात दोनदा प्रवाशांनी उतरून घाटात धक्के मारले. ज्यांनी टाकी बसवली ते मेकॅनिक म्हणाले, चढाला पेट्रोलवर घ्या. अहो, पेट्रोल असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो!

शेवटी परवा सकाळी भोरच्या स्टँडवर मी अब्बासभाईंना सांगून टाकलं. आज गाडी कोळशावर घाट चढली, तर बाकीच्या दोन्हींनाही टाक्या बसवतो. नाही चढली, तर त्या दोन उभ्या करायच्या आणि दोन ड्रायव्हर घरी बसवायचे.

अब्बासभाई पहिल्या दिवसापासून माझ्याकडे ड्रायव्हर आहेत. ते शांतपणे म्हणाले, "तसं झालं तर पैलं मला काढा, अण्णा. त्या दोगांची पोरं ल्हान हायती." मी जाऊन गाडीत बसलो.

नसरापूरला पोचेपर्यंत गाडी खोकायला लागली होती. तिथे बाजारात एक पन्नाशीच्या बाई दोन पोती कोळसा घेऊन बसल्या होत्या. या ठकूबाई. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात त्यांच्या घरच्या कोळशाच्या भट्ट्या आहेत, हे मागाहून कळलं. गाडीचा आवाज ऐकून त्या उठून जवळ आल्या.

"काय घालताय हिच्या पोटात?"

मी ऐटीत पोतं उघडून दाखवलं. कोळसा मी स्वतः निवडून घेतलेला, एकेक तुकडा नारळाएवढा. न्हाणीतल्या बंबात जाड ओंडका घातला की पाणी जास्त वेळ तापतं ना, तोच न्याय मी मोटारीला लावला होता!

ठकूबाईंनी त्यातला एक तुकडा उचलून मडगार्डवर हाणला. थप्प. मग स्वतःच्या पोत्यातला लिंबाएवढा तुकडा हाणला... ठण्ण! पितळेचं भांडं वाजावं तसा.

"मालक, तुमचा कच्चा हाय. आत लाकूडच ऱ्हायलंय." असं म्हणून त्यांनी माझा तुकडा दगडावर फोडला. आत खरंच तपकिरी लाकूड! गॅसच्या गाळणीत रोज डांबरासारखं चिकट काय साचतं, ते मला तेव्हा उमगलं. भर बाजारात माझं तोंड पाहण्यासारखं झालं असणार.

त्यांची दोन्ही पोती घेतली, टाकी साफ करून भरली. मावशी, तुम्हीही चला, संध्याकाळी परत आणून सोडतो, म्हटलं. "भट्टीपाशी माझी जाऊ हाय म्हना, बगंल ती," म्हणत त्या जरा घुटमळल्या आणि मग अब्बासभाईंच्या शेजारी बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसत होत्या.

घाट सुरू झाला. गाडी गच्च भरलेली, पण इंजिन एका सुरात... पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. ठकूबाई समोरच्या फळीवर तळवा टेकवून बसल्या होत्या, आणि एकदम म्हणाल्या, "आत पोकळ पडलीया. कोळसा वरच आडकलाय."

अब्बासभाईंना काही ऐकू आलं नव्हतं, मलाही नाही. आम्ही एकमेकांकडे पाहतोय तोवर इंजिनाचा आवाज खरोखरच बसायला लागला. "बगताय काय, ठोका की जाऊन!" त्या माझ्यावर ओरडल्या.

गाडी माणसाच्या चालीनं चालली होती. मी इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल घेऊन उडी मारली, धोतर सावरत मागे पळालो आणि टाकीवर तीन-चार दणके घातले. खळ्ळकन कोळसा खाली बसला, इंजिनानं उचल घेतली, आणि लोकांनी मला हाताला धरून वर ओढलं. घाटमाथ्यावर, बोगद्याच्या तोंडाशी अब्बासभाईंनी नुसतं पेट्रोलच्या चावीकडे बोट दाखवलं. चावी बंदच होती, अख्खा घाट गाडी नुसत्या कोळशावर चढली होती... त्यांचे डोळे भरले होते, आणि माझेही.

मी ठकूबाईंना विचारलं, कसं कळलं हो तुम्हाला?

"भट्टी मातीनं झाकली की आतलं दिसत न्हाई, मालक. वर हुबं ऱ्हायचं आन कान द्यायचा. पोकळ पडली तर येळंत दाबाय लागती." मग म्हणाल्या, "माझ्या दिराला न्हाई आलं ऐकू. पायाखालची माती खचली आन त्यो तसाच आत गेला."

जो कान त्यांनी असा जीवावर उदार होऊन कमावला, तो त्यांनी माझ्या मोटारीला दिला. काही मागितलं नाही, उलट अब्बासभाईंना म्हणाल्या, "हाकता ब्येस तुमी." मोटारींच्या धंद्यात माझे केस पिकले, पण इतकं थक्क मी कधी झालो नव्हतो.

बाकीच्या दोन टाक्या मी कालच सांगून आलो. कोळसा ठकूबाईंच्याच भट्टीचा. त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे हे लिहिलेलं त्यांच्यापर्यंत पोचणार नाही... म्हणून उद्या मी आणि अब्बासभाई वेल्ह्याच्या डोंगरात पायी जाणार आहोत. मावशी, तिन्ही ड्रायव्हर कामावर आहेत, एवढंच त्यांना तोंडानं सांगायचं आहे.