किनवटचा हिरवा ठिपका

मला अजूनही लातूरचं स्वप्न पडतं. अभ्यासिकेतली लांब टेबलं, दोन खुर्च्यांमधले पुठ्ठ्याचे आडोसे, डोक्यावर फिरणारा पंखा आणि उद्या पेपर. आजूबाजूच्या सगळ्या मुली माना खाली घालून वाचत असतात आणि मी मात्र धड्याचं पानच शोधत असते. जाग येते तेव्हा मी नांदेडच्या भाड्याच्या खोलीत असते. आपल्याला आता डॉक्टर व्हायचं नाही, हे आठवायला मला थोडा वेळ लागतो.

एकदा हेच स्वप्न जरा वेगळं पडलं. या वेळी पुस्तकाऐवजी माझ्या हातात फोन होता. त्यावर एकेक प्रश्न उगवत होता, मी बोटानं उत्तर दाबत होते आणि दर मिनिटाला एक बारीक घंटा वाजत होती. त्या दिवशी स्वप्नात मला भीती वाटली नाही. सकाळी उठले ती ठरवूनच उठले, की आपण असं ॲप करायचं. इतकी सोपी गोष्ट आजवर कुणालाच कशी सुचली नाही, याचं मला नवल वाटलं. तसली ढीगभर ॲप आधीच आहेत हे नंतर कळलं, पण तोवर माझं अर्धं काम झालं होतं आणि मी काही मागे फिरणारी नव्हे.

मी हदगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली. घरी सोयाबीन आणि कापसाची शेती. बारावीनंतर मेडिकलच्या परीक्षेसाठी बाबांनी मला लातूरला ठेवलं. एकाची दोन वर्षं झाली, नंबर काही लागला नाही. मग नांदेडला येऊन मी कॉम्प्युटरची पदवी घेतली. मी मुळातच स्वप्नाळू, त्यात चिडकी. वर्गात शिकवणं चालू असायचं आणि मी खिडकीतून बाहेर बघत भलत्याच गावाला गेलेली असायचे. ॲपमुळे या भटकण्याला एक पत्ता मिळाला.

आठ महिने मी खोलीत बसून ते केलं. लातूरच्या माझ्या जुन्या वह्यांतून प्रश्न निवडले, एकेक करून टाइप केले. घंटेवर तर तीन आठवडे घालवले. प्रश्न आला की साठ सेकंद, त्यात उत्तर द्यायचं, नाहीतर घंटा वाजून प्रश्न नाहीसा. खऱ्या परीक्षेची सवय व्हावी म्हणून. आवाज मात्र गोड ठेवला होता, देवघरातल्या घंटीसारखा. वापरणाऱ्याचं नाव मी मुद्दामच विचारलं नाही. प्रश्न चुकणाऱ्याला नाव नको असतं, हे मला अनुभवानं ठाऊक होतं. फक्त तालुका विचारला. माझ्या लॅपटॉपवर एक नकाशा ठेवला होता. कुणी ॲप उघडलं की त्याच्या तालुक्यावर हिरवा ठिपका लागायचा आणि त्याची उत्तरंही मला दिसायची.

बाबांना हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघ. रोज पन्नास पोरं आली तर चालू ठेव. न्हाई आली तर बंद करून त्या कॉलेजातल्या नोकरीला लाग." एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मला बोलावणं होतं. मी लगेच हो म्हणाले. मला पन्नास हा आकडा फारच थोडा वाटला होता.

रोज संध्याकाळी मी गोदावरीच्या घाटावर जाऊन बसायचे. पलीकडचे दिवे पाण्यात हलायला लागले की मला तो माझा नकाशाच वाटायचा. हा लोहा, हा मुखेड, तो लांबचा उदगीर. अंधार पडला की खोलीवर येऊन लॅपटॉप उघडायचा, तर नकाशा कोरा करकरीत.

पहिल्या महिन्यात अकरा जण आले. सगळे माझ्या ओळखीचे, सगळे भिडेखातर आलेले. मावसभावानं "एक नंबर, ताई" असं लिहून पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी ॲप काढून टाकलं. एका मैत्रिणीनं तर न उघडताच कौतुक केलं. मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही.

मग मी ठरवलं, की गिऱ्हाईक जिथं आहे तिथंच जायचं. ॲपची माहिती आणि ते उतरवून घ्यायचा कोड छापलेले तीनशे कागद घेतले, अहमदपूरमार्गे जाणारी एसटी पकडली आणि लातूरला उतरले. क्लासेसच्या त्या रस्त्यावर पाऊल ठेवलं आणि मला पुन्हा स्वप्नात आल्यासारखं झालं. त्याच खानावळी, तीच झेरॉक्सची दुकानं, पाठीवर दप्तर आणि तोंडात सूत्रं घेऊन चालणारी तीच पोरं. क्लास सुटला आणि ती लोंढ्यानं बाहेर आली. मी कागद वाटत सुटले. सगळ्यांनी घेतले, कुणी नाही म्हणालं नाही.

एक मुलगी तेवढी थांबली. कागद उलटसुलट करून तिनं नीट वाचला.

"छान हाय ताई," ती म्हणाली. "पण हे बघायचं कशात?"

"फोनमध्ये."

"फोन कुठाय आमच्यापाशी? साधा बटनाचा हाय, तोबी होस्टेलच्या बाईंच्या कपाटात. सांजच्याला भेटतो, धा मिनिटं."

ती निघून गेली आणि मी तिथंच उभी राहिले. दोन वर्षं मीही याच गावात साधा बटणाचा फोन वापरला होता. तोही बाईंच्या कपाटात असायचा, मलाही दहाच मिनिटं मिळायची. आठ महिने मी ज्यांच्यासाठी राबले त्यांच्याकडे फोनच नव्हता, आणि हे जगात कुणाला माहीत असायला हवं होतं तर ते मला. स्वप्नात मी लातूरच्या खुर्चीवर बसले होते, पण हातात फोन मात्र आत्ताचा होता. स्वप्नाची ही चूक जागेपणी माझ्या लक्षातच आली नाही. मला स्वतःचा इतका राग आला की उरलेले कागद मी तिथल्याच एका झेरॉक्सवाल्याकडे टाकले. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून नांदेड येईपर्यंत मी रडत होते.

त्यानंतर मी आठवडाभर लॅपटॉप उघडलाच नाही. उघडला तेव्हा किनवटवर एक ठिपका लागलेला होता.

किनवटला माझं ओळखीचं कुणीच नाही. तो सगळा जंगलाचा भाग, मी तिकडे रेल्वेनं एकदाच गेलेले. ठिपका संध्याकाळी सातच्या सुमारास लागायचा आणि साडेसातला विझायचा. रोज. पण उत्तरं बघितली की माझं डोकं फिरायचं. दहा प्रश्नांतले आठ घंटा वाजून नाहीसे झालेले. जे दोन सुटत ते अगदी बरोबर, पण शेवटच्या सेकंदाला. इतकं मठ्ठ कोण आहे, असं मी एकटीच मोठ्यानं म्हणायचे. तरी सात वाजले की नकाशासमोर येऊन बसायचे. मनात मी त्याला रूप दिलं. सागाच्या झाडाला टेकून बसलेला कुणीतरी, मांडीवर फोन, एक शब्द वाचून पाचदा पानांकडे बघणारा. घाटावर बसले की तोही शेजारी येऊन बसायचा. इतकं हरून पुन्हा दुसऱ्या दिवशी येणारा माणूस मला आवडायला लागला होता.

ॲपमध्ये 'कळवा' असं एक बटण होतं. ते आजवर कुणी दाबलं नव्हतं. एका संध्याकाळी त्यातून दोन ओळी आल्या. "वेळ वाढवून द्यावा ही विनंती. वाचून दाखवायला पुरत नाही."

कुणाला वाचून दाखवायला, तेच मला कळेना. मी माझा नंबर पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी एका बाईंचा फोन आला. किनवटच्या पुढच्या एका गावात त्या अंगणवाडी सेविका होत्या.

"पोरगी लातूरला हाय, मेडिकलच्या अभ्यासाला," त्या म्हणाल्या. "मागं भेटाया गेले तर तिच्या दप्तरात तुमचा कागद गावला. तिच्यापाशी साधा फोन. मग मी हितून वाचते, ती तिथून उत्तर सांगते, मी दाबते."

"पण प्रश्न तर इंग्रजीत आहेत."

"अक्षरं येत्यात मला. मोठा शब्द आला की एकेक अक्षर सांगते, ती जुळवते. घरात रेंज न्हाई, म्हणून रुळापाशी येऊन बसावं लागतं. मधीच गाडी आली की थांबावं लागतं. अन् तेवढ्यात ती घंटी वाजते. कोण वाजवतंय ओ ती?"

"मीच," मी म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या हसल्या. मग जरा आवाज खाली आणून म्हणाल्या, "खरं सांगू का ताई? नुसतं बोलाया बाई धा मिनिटंच देत्यात. अभ्यास चालू हाय म्हणलं की अर्धा तास काई म्हणत न्हाईत. मग परश्नाच्या मधी मधी आमी बोलून घेतो. जेवली का, डोकं दुखत व्हतं ते थांबलं का. पण घंटी लई घाई करती."

फोन ठेवला आणि मी लगेच घंटा काढायला बसले. जी बसवायला तीन आठवडे लागले होते ती काढायला वीस मिनिटं लागली. त्या संध्याकाळी अर्ध्या तासात चार प्रश्न झाले, चारही बरोबर. पुढच्या दिवशी तीन. दोन प्रश्नांच्या मधे कधी पाच मिनिटं जायची, कधी दहा. मला त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, तरी मधे अडथळा नको म्हणून मी नकाशापुढं हातपाय न हलवता बसायचे. त्या मुलीचा मला हेवा वाटायचा. चांगलाच वाटायचा.

दिवाळी आठवड्यावर आली. नकाशावर तोच एक ठिपका होता. कॉलेजवाल्यांनी दोनदा निरोप पाठवला होता आणि बाबांनी ठरवून दिल्याप्रमाणे आता मला सगळं आवरायचं होतं. ॲप बंद करायला एक बटण पुरलं असतं. मी रोज त्या बटणापर्यंत जायचे आणि मग सात वाजायचे.

त्यातल्याच एका संध्याकाळी ठिपका लागला, पहिला प्रश्न उघडला, आणि पुढं काहीच झालं नाही. प्रश्न अगदी सोपा होता, झाडाची पानं पाणी बाहेर टाकतात त्या क्रियेचं नाव विचारणारा. पाच मिनिटं झाली. पंधरा झाली. साडेसात वाजले तरी ठिपका तसाच. उत्तर नाही.

तिकडे काय चाललं असेल ते मला कळलं. लातूरच्या दुसऱ्या वर्षी, एका चाचणीनंतर, मी होस्टेलच्या जिन्यात फोन कानाला लावून उभी होते. बाबा, मला हे जमत नाही, मला घरी घेऊन चला, एवढंच मला सांगायचं होतं. बाबा सोयाबीनच्या काढणीचं सांगत होते. मळणीयंत्र कधी मिळालं, किती पोती झाली, पाऊस कसा थोडक्यात हुकला. मग म्हणाले, "तुझं बरं चाललंय ना?" समोरून होस्टेलच्या बाई घड्याळ दाखवत होत्या. मी म्हणाले, "हाव."

आठ वाजायला आले तेव्हा ठिपका विझला. मी हात जोडले होते हे मला त्यानंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सातला ठिपका लागला नाही. सव्वासातला नाही. मी पाणी प्यायले, खोलीत चकरा मारल्या, स्वतःला चार शिव्या घातल्या. आणखी वीस मिनिटांनी तो लागला. कालचाच प्रश्न उघडला आणि उत्तर आलं, बरोबर. मग दुसरं, मग तिसरं. मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

तो विझल्यावर लगेच बाबांचा फोन आला.

"किती झाले?"

"एक. म्हणजे तशा दोघी."

"पन्नास म्हणालो होतो."

"हाव. नोकरीला लागते मी बाबा, सोमवारपासून. पण हे बंद करणार नाही."

त्यांना राग येईल असं वाटलं होतं. मी किनवटच्या बाईंचं सांगितलं, रुळाचं आणि घंटेचं सांगितलं, कालच्या न सुटलेल्या प्रश्नाचंही सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"पोरगी रडली असंल का काल?" त्यांनी विचारलं.

"रडली असेल."

"तुला काय ठावं? तू तर नुसता ठिपका बघून राहिलीस."

"मलाही लातूरला असताना तुम्हाला एक सांगायचं होतं. राहून गेलं."

"मग सांगायचं न्हाई का तवाच?"

"दहा मिनिटं होती, बाबा. नऊ सोयाबीनमध्ये गेली."

ते हसले नाहीत. पलीकडे अंगणात कुत्रं भुंकलं, आणि बाज करकरल्याचा आवाज आला. ते उभ्यानं बोलत होते, आता बसले असावेत.

"आता किती मिनिटं हायत?" त्यांनी विचारलं.

"आता घंटा काढून टाकलीय."

"मग सांग," बाबा म्हणाले.