हिरव्या गाडीचं पहिलं नाव

शोरूममध्ये सगळे त्यांना नोंदणीकाका म्हणत. सव्वीस वर्षं त्यांचं काम एकच: विकलेल्या गाडीचे कागद नोंदणी कार्यालयात न्यायचे आणि गाडी गिऱ्हाइकाच्या नावावर करून आणायची. गाड्या साध्यासुध्या नव्हेत. पाचशे-सहाशे हॉर्सपॉवरच्या, ऐकून डोळे पांढरे व्हावेत अशा किमतीच्या. काका स्वतः बसने येत.

रस्त्यापलीकडे दुसऱ्या कंपनीचं शोरूम होतं आणि तिथे हेच काम काकांचा धाकटा मेहुणा करत होता. दोन्ही शोरूमचे साहेब एकमेकांना पाण्यात पाहत. महिन्याभरात कुणाच्या किती गाड्यांची नोंदणी झाली, त्यावर बाजारातला वाटा ठरे. जिंकणाऱ्याला मुख्यालयाची शाबासकी, हरणाऱ्याचा फोनवर पाणउतारा. त्यातून गेल्या काही वर्षांत एक नवंच खूळ निघालं होतं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी आकडा कमी पडतोय असं दिसलं, की न विकलेल्या गाड्या शोरूमच्याच नावावर चढवायच्या. आकडा फुगायचा, गाडी तळघरात धूळ खात पडायची आणि पुढे ती घेणारं गिऱ्हाईक कागदोपत्री दुसरा मालक ठरायचं. शोरूमतर्फे सही करायचा अधिकार काकांकडे होता. त्यामुळे ह्या प्रकाराची मनस्वी चीड असलेला माणूसच त्यावर सह्या करत होता.

त्या महिन्याच्या अखेरीला तळघरात एक गडद हिरवी गाडी उभी होती. एका डॉक्टरीणबाईंनी ती खास मागवली होती आणि आठ महिने वाट पाहिली होती.

"काका, आधी वडिलांची जुनी गाडी चालवली, मग नवऱ्याची जुनी," बाई म्हणाल्या होत्या. "आता साठी उलटली. ह्या गाडीच्या नोंदणीपुस्तकात तरी पहिलं नाव माझं हवं."

"तुमचंच असेल. अर्ज मी स्वतः भरणार," काकांनी शब्द दिला होता. अर्ज भरूनही ठेवला होता. बाई परिषदेसाठी परगावी होत्या. परवा येऊन सही करणार होत्या.

दुपारी तीनला कार्यालयाच्या रांगेत मेहुणा भेटला. काखेत जाडजूड फाइल.

"काय भावोजी, महिन्याचे किती झाले?"

"पाच. तुझे?"

"आमचेही पाच. म्हणजे बरोबरी की हो! तुमच्या साहेबांना सांगा, आज जेवण जाणार नाही म्हणावं."

"विकलेल्या किती त्यातल्या?"

"तुमच्या किती? ताईची शपथ घेऊन सांगा, मग मी सांगतो."

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "त्यांचे किती?"

"पाच म्हणतोय," काकांनी सांगून टाकलं.

"बरोबरी म्हणजे हारच. हिरवी चढवा."

"साहेब, ती डॉक्टरीणबाईंची आहे. मी शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिलाय, गाडी माझी आहे. परवा बाईंच्या नावावर फिरवा. त्यात काय एवढं?"

"पुस्तकात त्या दुसऱ्या मालक दिसतील."

"दिसू द्या. तुम्हाला निवृत्तीला सात महिने राहिलेत ना? मग सुखाने जा की. चारला खिडकी बंद होते."

काकांनी बाईंना तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा बंद. खिडकीवरची कारकून बाई घड्याळाकडे बघू लागली. पावणेचारला काकांनी कोरा अर्ज घेतला, मालकाच्या जागी शोरूमचं नाव लिहिलं आणि सही ठोकली. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं, ह्याचाही त्यांना राग आला.

बाहेर चहाच्या मशीनपाशी मेहुणा उभा होता.

"सहा केलेत? अहो, कशाला? माझे तीनच होते!"

"पाच म्हणालास ना?"

"आमच्या साहेबांनीच सांगितलं, भावोजींना पाच सांग, जरा घाबरू देत. मला वाटलं, तुम्हाला कळेल. इतकी वर्षं ओळखता मला."

"ओळखतो म्हणूनच खरं मानलं. तू गाढव आहेस आणि तुझं ऐकून पुढे सांगणारा मी महागाढव."

"ताईला सांगू नका हं."

काकांनी चहा न पिताच कप टोपलीत टाकला. पाच पुरले असते. हिरव्या गाडीला हात लावायचीही गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या. "कंप्युटरची चूक झाली म्हणून सांगा," साहेबांनी बजावलं होतं. काकांनी पुस्तक पुढे केलं आणि झालं ते जसंच्या तसं सांगितलं. मेहुण्याची थापसुद्धा.

बाईंनी पान नीट वाचलं. "ही सही कुणाची?"

"माझी."

"फोन तीनदा आलेला दिसला मला. मी विमानात होते." त्यांनी पुस्तक मिटलं. "दोन दिवस थांबता आलं नसतं?"

"आलं असतं," काका म्हणाले. "मी थांबलो नाही."

बाईंनी गाडी नाकारली. आठ महिन्यांत ज्या गाडीच्या रंगाबद्दल त्यांनी दहा वेळा फोन केले होते, ती बघायला त्या तळघरातही उतरल्या नाहीत.

साहेबांच्या केबिनमध्ये वाट्याचा तक्ता तयार होता. आपण तीन गाड्यांनी पुढे. परत गेलेल्या गिऱ्हाइकासाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

"एक बाई गेली तर चार येतील. मूड कशाला घालवता?" साहेब म्हणाले.

काकांनी टेबलावर कागद ठेवला. शोरूमतर्फे सही करण्याचा अधिकार आजपासून परत करत आहे, एवढंच दोन ओळींत लिहिलेलं.

"मग तुम्ही करणार काय?"

"गिऱ्हाइकांचे अर्ज भरीन."

"आणि महिनाअखेरीला?"

"मी फक्त गिऱ्हाइकांचेच भरीन."

साहेब हसले. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि बेल दाबून कॅशियरला बोलावलं. पाच मिनिटांत अधिकार कॅशियरच्या नावावर झाला. कशासाठी, हे त्याने विचारलंही नाही.