टाम्पेरेच्या इंजिनाला फुलं

कुठलंही यंत्र दिसलं की आमची आत्या आधी हात जोडायची. मिक्सर, रिक्षा, बँकेतलं पैसे देणारं मशीन, कुणालाच सोडायची नाही. वर मला ज्ञान, "चालती वस्तू हाय, बबे. तिला नाराज करू न्हाई." राहायला वालूरला. नवरा लवकर गेला, आणि उमेदीची सगळी वर्षं कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये गेली. मशीनच्या तोंडात कापूस घालायचं तिचं काम. माझी आई गेल्यावर मला वाढवलं तेही त्याच मजुरीवर.

लग्नानंतर मी फिनलंडमध्ये टाम्पेरेला नोकरीला लागले आणि एका उन्हाळ्यात तिला बोलावून घेतलं. दोन मोठ्या तळ्यांच्या मधलं हे शहर. जुन्या गिरण्यांच्या लाल विटांच्या इमारतींत आता म्युझियमं झालीत. आत्याची दुसरी खोड म्हणजे फुलं तोडणं. सकाळी तळ्याकाठी फिरायला गेली की कोटाचे खिसे भरून यायची.

"अगं, लोकांची झाडं आहेत ती!"

"देवाची हायत. लोकांनी नुसतं पाणी घातलं."

एक दिवस तिला कापडगिरणीचं जुनं वाफेचं इंजिन दाखवायला नेलं. घराएवढं चाक! आत्यानं मुकाट्यानं बूट काढले. घ्या, आता आपल्याला बाहेर काढणार, म्हटलं.

"अगं माय! केवढं थोरलं यंत्र, अन् अंगावर एक फूल न्हाई?" तिनं खिशातली फुलं काढून माझ्या हातात कोंबली. "तू वाहा. तू सवाष्ण हायस. मी मागं थांबते."

जिनिंगमध्ये दसऱ्याला मशीनची पूजा मालकीणबाई करायच्या. वर्षभर त्या मशीनला भरवणारी आत्या त्या दिवशी दाराबाहेर उभी राहायची, कारण विधवा. शेजारी तिचा पदर धरून मी. ते सगळं डोळ्यांपुढे आलं आणि माझं डोकंच फिरलं.

"रुई तुझ्या नाकात गेली का माझ्या? मी नाही वाहणार. तूच वाहा, नाहीतर ने परत!"

 मी म्युझियमच्या देखरेखीवरच्या बाईंना विचारलं. इंजिनाला हात लावू नका, कठड्याशी खुशाल ठेवा, म्हणाल्या. आत्यानं फुलं ठेवली, हात जोडले आणि तशीच थांबली. काहीतरी कोसळेल म्हणून वाट बघत होती बहुतेक. मग हळूच म्हणाली, "काय झालं न्हाई गं!" आणि भर म्युझियममध्ये रडायला लागली. मीही रडले. त्या नादात तिचा एक बूट कुठे गेला ते शोधायलाच वेळ गेला.

परवा दसऱ्याला तिचा वालूरहून फोन आला. तिच्या सासरच्या घरात पिठाची गिरणी आहे, तिची पूजा आजवर थोरली जाऊच करायची.

"औंदा गिरणीला हळदकुंकू मी लावलं. माझ्या हातानं."

"आणि थोरल्या काकू?"

"बसलीय रुसून." मग फोन लांब धरून आत्या ओरडली, "पण गिरणी चालायलीय बघ! आवाज येतो का?"